घटक ५ : आवडता कादंबरीकार आणि वाचकाचे नाते

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर कादंबरीचा लेखक, तिचा निवेदक आणि तिचा वाचक यांच्यातील संबंध आपणांस उलगडून सांगता येईल. ‘हा लेखक माझा आहे’ या भावनेचा उगम संहितेत कोठे आहे, हे शोधता येईल. तसेच ही भावना लपवून न ठेवता आणि तिच्यात वाहून न जाता उत्तरलेखनात तिचा उपयोग कसा करावा, हे ठरविता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकांत आपण कथानक, पात्रचित्रण, वातावरण आणि निवेदन या कादंबरीच्या अंगांचा विचार केला. या घटकाचा विषय थोडा निराळा आहे. तो प्रत्येक वाचकाला अनुभवाने ठाऊक असतो, मात्र अभ्यासक्रमात त्याला क्वचितच जागा मिळते. एखादी कादंबरी वाचून संपते, आपण पुस्तक मिटतो आणि मनात प्रश्न येतो : या माणसाला माझ्याविषयी कसे कळले? लेखकाला आपण कधी पाहिलेले नसते. त्याच्या गावी आपण गेलेलो नसतो. कदाचित तो हयातही नसतो. तरीही घरातील एखाद्या थोरल्या माणसाविषयी वाटावी, तशी जवळीक त्याच्याविषयी वाटते.

ग्रंथकाराला नात्यात बसविण्याची सवय मराठी समाजाला जुनी आहे. वारकऱ्याच्या तोंडी ज्ञानेश्वर ‘माउली’ असतात आणि तुकाराम ‘तुकोबा’. छापील पुस्तकांच्या काळातही ही सवय गेली नाही. पांडुरंग सदाशिव साने हे महाराष्ट्राचे ‘साने गुरुजी’ झाले, गो. नी. दांडेकर ‘गोनीदा’ झाले, कुसुमाग्रज ‘तात्यासाहेब’ झाले. तेव्हा आवडत्या लेखकाविषयी आपुलकी वाटणे, हा वाचकाचा भाबडेपणा आहे असे समजण्याचे कारण नाही. अभ्यासकासमोर प्रश्न आहे तो एवढाच, की ही आपुलकी नेमकी कोणाविषयी असते आणि ती कशाने निर्माण होते?

५.२ एका गृहपाठाची गोष्ट

प्रस्तुत घटकलेखकाला या प्रश्नाकडे वळविले ते एका विद्यार्थ्याने. काही वर्षांपूर्वी एका अभ्यासकेंद्रावर रविवारच्या संपर्कसत्रांत आम्ही भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ ही कादंबरी शिकवीत होतो. वर्गात एस.टी.त वाहक असलेले एक गृहस्थ होते. वय चाळिशीच्या पुढे. ऐन तरुणपणी पहिल्या वर्षातच महाविद्यालय सोडून ते गावी परतले होते, आणि वीस-बावीस वर्षांनी पुन्हा पदवीच्या अभ्यासाला लागले होते. ‘कोसला’च्या निवेदनशैलीचे विशेष सांगा, असा गृहपाठाचा प्रश्न होता. त्यांनी चार पाने लिहिली. त्यांपैकी तीन पाने त्यांच्या स्वतःच्या खोलीविषयी, खाणावळीच्या थकलेल्या बिलाविषयी आणि गावी परतल्यावर वडील महिनाभर एक शब्दही कसे बोलले नाहीत, याविषयी होती. समासात शेरा पडला : ‘विषयांतर. मुद्द्यास धरून लिहावे.’ हा शेरा मीच दिला होता.

पुढच्या सत्रात ते वर्ग संपल्यावर थांबले आणि म्हणाले, “सर, पांडुरंग सांगवीकर नापास होऊन गावी गेला, तर त्याची कादंबरी झाली. मीही तसाच गेलो. माझं लिहिलं तर विषयांतर कसं?” मग थोडे थांबून त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि तिचेच त्यांना अधिक वाईट वाटत होते. अभ्यासपुस्तिकेतील लेखकपरिचयात त्यांनी वाचले होते, की नेमाडे यांनी पदवीनंतर भाषाविज्ञान आणि इंग्रजी या विषयांत एम.ए. केले, पुढे ते प्राध्यापक झाले. “म्हणजे हा माणूस तर पास झाला होता,” ते म्हणाले. आपल्याबरोबर नापास झालेल्या मित्राने चोरून परीक्षा दिली होती असे वर्षांनंतर कळावे, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

त्या दिवशी मी त्यांना ‘लेखक आणि नायक एक नसतात’ हे ठरावीक उत्तर दिले. ते खरे आहे, पण अपुरे आहे. घरी येऊन मी तो गृहपाठ पुन्हा वाचला. तिसऱ्या पानाच्या तळाशी एक वाक्य होते, जे पहिल्या वाचनात माझ्या नजरेतून निसटले होते. त्याचा आशय असा : पांडुरंग ‘वगैरे’ म्हणतो तेव्हा त्याला पुढचे ठाऊक नसते असे नाही, त्याला ते सांगायचे नसते, आमचे वडीलही पैशाचा विषय निघाला की असेच बोलत. ‘कोसला’च्या निवेदनशैलीविषयीचे इतके नेमके निरीक्षण त्या वर्षीच्या इतर कोणत्याही उत्तरपत्रिकेत नव्हते. ते त्यांना सुचले ते कादंबरीकार आपला वाटल्यामुळेच. पण ते वडिलांच्या आठवणींत दडून गेले होते आणि मी ते शोधण्याचे कष्ट घेतले नव्हते. गुण वाढविण्याची मुदत तोवर टळली होती.

५.३ जवळीक कशी घडते? ‘कोसला’चे उदाहरण

‘कोसला’ १९६३ साली प्रसिद्ध झाली. नेमाडे यांचा जन्म १९३८ चा, खानदेशातील सांगवीचा. म्हणजे कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा लेखक पंचवीस वर्षांचे होते. कादंबरीचा निवेदकही आरंभीच आपले वय पंचवीस सांगतो, त्याचे गावही सांगवी आहे आणि तोही शिक्षणासाठी पुण्याला येतो. लेखक आणि नायक यांच्यातील भिंत इतकी पातळ ठेवलेली आहे, की वाचकाने ती विसरावी. तरीही केवळ गाव आणि वय जुळल्याने जवळीक निर्माण होत नाही. खानदेश कधी न पाहिलेल्या असंख्य वाचकांनाही हा पांडुरंग आपला वाटला आहे. तेव्हा कारण अन्यत्र शोधले पाहिजे.

पहिले कारण प्रथमपुरुषी निवेदनात आहे. पांडुरंग स्वतःची गोष्ट स्वतः सांगतो. परंतु प्रथमपुरुषी निवेदन मराठी कादंबरीला त्यापूर्वीही नवे नव्हते. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो’ मध्ये यमू आपली कहाणी स्वतःच सांगते. ‘कोसला’चे वेगळेपण त्या ‘मी’च्या बोलण्याच्या तऱ्हेत आहे. हा ‘मी’ आपल्या दुःखाची बाजू मांडत नाही. ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ हे दोन शब्द तो इतक्या वेळा आणि इतक्या अनपेक्षित जागी वापरतो, की ते त्याची सहीच होऊन बसतात. ‘उदाहरणार्थ’ म्हटले की सांगितलेली गोष्ट अनेकांपैकी एक ठरते. तिचे महत्त्व सांगणाराच कमी करतो. ‘वगैरे’ म्हटले की वाक्य मध्येच सोडून दिले जाते, उरलेले ऐकणाऱ्याने समजून घ्यावयाचे असते. आता विचार करा : अर्धवट सोडलेले वाक्य आपण कोणापुढे बोलतो? परक्या माणसासमोर आपण वाक्य पूर्ण करतो. उरलेले ज्याला न सांगता कळेल, त्याच्यापुढेच ‘वगैरे’ म्हणून थांबता येते. निवेदक वाचकाला अशा ओळखीच्या माणसाच्या जागी बसवितो आणि वाचक, आपल्याला कोणी तिथे बसविले हे लक्षात न येता, त्या जागी बसतो.

दुसरे कारण सुरात आहे. वसतिगृह, खाणावळ, स्नेहसंमेलने, वादविवाद, वडिलांकडून येणारे पैसे आणि त्यांचे हिशेब हे सारे पांडुरंग थट्टेच्या सुरात सांगतो. एक भाग तर रोजनिशीच्या रूपात आहे. वाचक हसत असतो. आणि मग धाकट्या बहिणीच्या मृत्यूचा भाग येतो. तेथे थट्टेचा आधार सुटतो. आतापर्यंत जो माणूस सगळे टाळून बोलत होता, त्याच्याजवळ टाळण्यासाठी काही उरत नाही. हा भाग वाचताना अनेकांना रडू येते, ते मृत्यूच्या वर्णनामुळे तर येतेच. शिवाय, आपल्याशी इतका वेळ हसत बोलणारा माणूस हे इतके दिवस आत धरून होता, हे एकाएकी कळल्यामुळेही येते. कादंबरीचा आरंभ करताना निवेदकाला हा मृत्यू ठाऊक होता. म्हणजे पहिल्या पानावरची थट्टादेखील ते जाणणाऱ्याची होती. दुसऱ्या वाचनात ही गोष्ट लक्षात येते. (‘कोसला’ एकदाच वाचून परीक्षेस बसणाऱ्यांनी या वाक्याची नोंद घ्यावी.)

यावरून दिसते, की लेखकाला ‘माझ्याविषयी’ काहीच ठाऊक नसते. त्याने वाक्यांत रिकाम्या जागा ठेवलेल्या असतात. वाहक विद्यार्थ्याने त्या जागी आपल्या वडिलांचे मौन ठेवले. दुसरा वाचक दुसरे काही ठेवील.

५.४ आपण नेमके कोणावर प्रेम करतो?

येथे एक संज्ञा उपयोगी पडेल. अमेरिकन समीक्षक वेन बूथ यांनी १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द रेटोरिक ऑफ फिक्शन’ या ग्रंथात, प्रत्यक्ष लेखक आणि निवेदक यांच्या दरम्यान आणखी एका व्यक्तीची कल्पना मांडली. तिला आपण ‘अध्याहृत लेखक’ म्हणू. कादंबरी वाचताना तिच्यामागे असलेल्या माणसाची जी प्रतिमा आपल्या मनात तयार होते, तो अध्याहृत लेखक. काय सांगावे आणि काय वगळावे, कोठे हसवावे आणि कोठे थांबावे, हे ठरविणारा तो. प्रत्यक्ष लेखक बाजारात जातो, परीक्षा देतो, नोकरी करतो, म्हातारा होतो. अध्याहृत लेखक त्या एका पुस्तकातच राहतो आणि तेथे त्याचे वय वाढत नाही.

आता वाहक विद्यार्थ्याच्या तक्रारीकडे पुन्हा पाहू. पांडुरंग पदवीविना गावी परततो. नेमाडे पदव्या घेतात, पुढे विद्यापीठांत शिकवितात, लंडनलाही अध्यापन करतात, २०१४ सालच्या ज्ञानपीठ पुरस्काराचे मानकरी होतात. पण विद्यार्थ्याला ज्याचा आधार वाटला तो या दोघांपैकी कोणीच नव्हता. पांडुरंगाला तर स्वतःलाच आधार नव्हता. परतून आलेल्या मुलाची गोष्ट सांगण्याजोगी आहे, तिला लाज न बाळगता कादंबरीचे रूप देता येते, असे मानणारी जी दृष्टी त्या पुस्तकात आहे, तिच्याशी विद्यार्थ्याचे नाते जुळले होते. ती दृष्टी पास किंवा नापास होत नाही. त्यामुळे फसवणूक झाली असे म्हणता येत नाही. मात्र नाते चुकीच्या पत्त्यावर लावले गेले होते, असे म्हणता येते.

प्रत्यक्ष लेखक पूर्णपणे दडलेला असताना काय घडते, हे पाहण्यासाठी विभावरी शिरूरकर यांचे उदाहरण घेऊ. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आणि १९३४ साली ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी या नावाने प्रसिद्ध झाली. शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित किंवा नवऱ्यापासून दूर राहणाऱ्या स्त्रीच्या मनातील जे जे घराबाहेर बोलले जात नव्हते, ते या पुस्तकांत होते. वाचकवर्गात खळबळ उडाली आणि ही विभावरी कोण, याची चर्चा सुरू झाली. ते टोपणनाव होते. लेखिका होत्या बाळूताई खरे, पुढील काळातील मालतीबाई बेडेकर. लेखिकेचा चेहरा, पत्ता, घराणे यांपैकी काहीही ठाऊक नसताना वाचकांनी तिच्यावर राग धरला आणि तिच्याविषयी जिव्हाळाही बाळगला. या दोन्ही भावनांचे लक्ष्य केवळ पानांवर निर्माण झालेली एक व्यक्ती होती. टोपणनाव घेण्याची गरज लेखिकेला का वाटली असेल, याचे उत्तर त्या काळच्या समाजस्थितीत आहे आणि ते आपण स्त्रीलेखनाच्या घटकात पाहणार आहोत.

५.५ ऐकणाऱ्यांतील एक जागा

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ची रीत याहून साधी आहे. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले हे पुस्तक १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले. आश्रमातील मित्रांना श्याम रोज रात्री आईची एकेक आठवण सांगतो. प्रकरणांना ‘रात्र’ असेच नाव आहे. ऐकणारी मंडळी पुस्तकातच आहेत. ती प्रश्न विचारतात, गहिवरतात, दुसऱ्या दिवशीची वाट पाहतात. त्यामुळे वाचकाला आपली जागा शोधावी लागत नाही. त्या मंडळींत जाऊन बसले की झाले. ‘कोसला’त वाचक एकटाच ऐकतो, ‘श्यामची आई’त तो घोळक्यात ऐकतो. या पुस्तकाचे घराघरांत मोठ्याने वाचन होत आले, त्यामागे या रचनेचाही हात असावा. (एक गंमत नोंदवण्याजोगी आहे : गुरुजींचे नाव पांडुरंग, नेमाड्यांच्या नायकाचेही पांडुरंग, आणि मूळचे कोकणातले गुरुजी अमळनेरला शिक्षक असल्याने दोघांचाही खानदेशाशी संबंध. यावरून कोणताही सिद्धान्त मांडू नये.)

गुरुजींच्या बाबतीत लेखक आणि अध्याहृत लेखक यांच्यातील अंतर वाचकांनी जवळजवळ मानलेलेच नाही. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून १९४७ साली त्यांनी केलेले उपोषण आणि ‘श्यामची आई’तील करुणा ही एकाच माणसाची वाटते, आणि ते चुकीचेही नाही. तरीही अभ्यासकाने सावध राहावे. १९५० साली गुरुजींनी स्वतःच्या हाताने आपले जीवन संपविले. इतरांना धीर देणाऱ्या श्यामच्या आवाजामागे असलेल्या माणसाला किती एकटेपणा सोसावा लागला असेल, हे त्या पुस्तकातून कळत नाही. लेखक आपला वाटला म्हणजे तो आपणांस पूर्णपणे कळला, असे होत नाही.

५.६ ‘हे माझेच’ : रसविचाराचा आक्षेप

भारतीय साहित्यशास्त्राने या विषयाचा विचार फार पूर्वी केला आहे आणि त्याचा कौल आपल्या आपुलकीला सहजासहजी अनुकूल नाही. भट्टनायकाने मांडलेल्या साधारणीकरणाच्या कल्पनेनुसार, काव्यातील भाव ‘माझा’ किंवा ‘त्याचा’ न राहता सर्वसाधारण होतो, तेव्हा आस्वाद शक्य होतो. अभिनवगुप्ताने ‘अभिनवभारती’त रसास्वादाची विघ्ने सांगितली आहेत, स्वतःच्याच सुखदुःखांनी विवश होणे हे त्यांपैकी एक. या दृष्टीने पाहता, आमच्या विद्यार्थ्याच्या गृहपाठातील पहिली तीन पाने हे विघ्नच होते.

परंतु त्याच परंपरेने उत्तम वाचकाला ‘सहृदय’ हे नाव दिले आहे, याचाही विसर पडू नये. हृदय नसलेल्याला विघ्न कसले? मला असे वाटते, की स्वतःचे दुःख हा उंबरठा आहे. तो ओलांडल्याखेरीज आत जाता येत नाही आणि त्यावरच बसून राहिल्यास घर दिसत नाही. वडिलांच्या मौनाची आठवण येणे हा उंबरठा. ‘वगैरे’ हा शब्द काय करतो ते दिसणे, हे घराच्या आत येणे. नियमित महाविद्यालयात शिकणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलापेक्षा आपणांसारख्या प्रौढ विद्यार्थ्यांजवळ हे उंबरठे अधिक असतात. संसार, नोकरी, अपुरे राहिलेले शिक्षण, जवळच्यांचे मृत्यू हे सारे बरोबर घेऊन आपण कादंबरी उघडतो. ती अडचण आहे आणि ते भांडवलही आहे.

५.७ नाते ताणले जाते तेव्हा

आवडता कादंबरीकार आपल्या मर्जीप्रमाणे लिहीत राहील, असा कोणताही करार झालेला नसतो. ‘कोसला’नंतर नेमाड्यांच्या पुढील कादंबरीसाठी वाचकांना बारा वर्षे थांबावे लागले. १९७५ साली ‘बिढार’ आली तेव्हा तिच्यात पांडुरंग नव्हता. तेथे चांगदेव पाटील होता आणि त्याची कहाणी तृतीयपुरुषी निवेदनातून येत होती. ‘हूल’, ‘जरीला’ आणि ‘झूल’ या कादंबऱ्यांतही तोच. कानाशी बोलणारा ‘मी’ नाहीसा झाला आणि त्याच्या जागी महाविद्यालये, संस्थाचालक, जातींची गणिते आणि गावोगाव बिढार हलविणारा एक प्राध्यापक, असा विस्तृत पट आला. ज्यांना पुन्हा पांडुरंग हवा होता, त्यांना हे परके वाटणे स्वाभाविक आहे. माझा स्वतःचा अनुभव सांगावयाचा तर, ‘बिढार’ मी पहिल्यांदा अर्ध्यावर ठेवली. बऱ्याच वर्षांनी, स्वतः तीन गावी नोकरी करून झाल्यावर, ती पुन्हा उघडली तेव्हा चांगदेव ओळखीचा वाटला. दरम्यानच्या काळात कादंबरीत तर काहीच बदल झालेला नव्हता.

लेखकाच्या मतांचा प्रश्न याहून अवघड असतो. नेमाडे हे कथा या प्रकाराला गौण लेखणारे, देशीवादाचा आग्रह धरणारे समीक्षकही आहेत. ‘कोसला’वर जीव असलेल्या, पण कथेवरही तितकेच प्रेम करणाऱ्या वाचकाला त्यांचे लेखन दुखावू शकते. अशा वेळी कादंबरीवरील प्रेम मागे घेण्याची गरज नाही आणि प्रेमापोटी मत मान्य करण्याचीही नाही.

५.८ उत्तर लिहिताना

परीक्षेत ‘मी’ लिहावे की नाही, असे संपर्कसत्रांत नेहमी विचारले जाते. माझे उत्तर असे, की ‘मी’ लिहिण्यास हरकत नाही. मात्र ‘मी’ने सुरू झालेला परिच्छेद संहितेत जाऊन संपला पाहिजे. ‘हा लेखक मला फार जवळचा वाटतो’ हे विधान अभ्यासाचे नाही. कोणत्या पानावर, कोणत्या शब्दामुळे, निवेदक काय सांगत असताना किंवा टाळत असताना तो जवळचा वाटला, हे लिहिले की त्याचे समीक्षेत रूपांतर होऊ लागते. स्वतःच्या आयुष्यातील संदर्भ एका वाक्यात यावा; त्या वाक्याने कादंबरीतील काही दाखविले नाही, तर ते वाक्य गाळावे. लेखकाच्या चरित्रातील तपशील मात्र ‘म्हणून नायक असा आहे’ या तऱ्हेने जोडू नयेत. चरित्र आणि कादंबरी जेथे जुळत नाहीत, तेथेच बहुधा अधिक सांगण्यासारखे सापडते : पास झालेल्या लेखकाने नापास झालेला नायक का निवडला, हा प्रश्न गावांची नावे जुळविण्यापेक्षा कितीतरी मोलाचा आहे.

तपासणाऱ्यांसाठीही एक सूचना येथेच नोंदवितो. समासात ‘विषयांतर’ लिहिण्यापूर्वी तिसऱ्या पानाचा तळ वाचावा.

स्वाध्याय

१. आपणांस जवळच्या वाटणाऱ्या कादंबरीकाराच्या एका कादंबरीतील एक पान निवडा. त्या पानावर निवेदक काय सांगत नाही, हे दहा ओळींत लिहा. न सांगितलेला भाग आपण वाचताना कशाने भरून काढला, हे शेवटच्या दोन ओळींत नोंदवा.

२. ‘कोसला’ आणि ‘बिढार’ यांतील निवेदनपद्धतींची तुलना करा. दोन्ही कादंबऱ्यांत वाचकाला कोणत्या जागी बसविले आहे, याचा विशेष विचार करावा.

३. ‘स्वतःच्या दुःखाची आठवण येणे हे कादंबरीच्या आस्वादातील विघ्न होय.’ साधारणीकरणाच्या संकल्पनेच्या आधारे या विधानाची चर्चा करा. आपले मत विरुद्ध असल्यास तेही उदाहरणासह मांडावे.

४. एकेकाळी मनापासून आवडलेली, पण आज तितकी न आवडणारी एखादी कादंबरी पुन्हा वाचावयास घ्या. पहिली तीस पाने वाचून झाल्यावर, बदल कोठे झाला आहे असे आपणांस वाटते, ते लिहून पुढील संपर्कसत्रास आणावे.